भूमध्य समुद्रातील क्रूझ: आधी मार्ग, मग व्हिसा, केबिन शेवटी

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचे नियोजन बहुतेक जण केबिनपासून सुरू करतात. बाल्कनीची खोली घ्यावी की खिडकीची, जहाज केवढे आहे, त्यावर काय काय सोयी आहेत, याची चर्चा चार दिवस रंगते, आगाऊ रक्कम भरली जाते आणि मग कधीतरी व्हिसाची आठवण होते. ज्यांच्या पासपोर्टला युरोपात व्हिसाशिवाय प्रवेश आहे, त्यांना हा क्रम परवडतो. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याला तो परवडत नाही, कारण सात रात्रींच्या एकाच फेरीत जहाज तीन-चार देशांच्या बंदरांना लागते आणि त्यांतला एखादा देश शेंगेन क्षेत्राच्या (आपसातली सीमातपासणी काढून एकच सामायिक व्हिसा मानणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेरचा निघाला की सगळा हिशेब बदलतो. म्हणून या लेखात क्रम उलटा धरला आहे: आधी मार्ग ठरवावा, त्या मार्गावरच्या सीमा मोजाव्यात, त्याप्रमाणे व्हिसाचा विचार करावा आणि केबिनकडे त्यानंतर वळावे.

मार्ग निवडताना

भूमध्य समुद्रातील फेऱ्यांचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पश्चिमेकडच्या फेऱ्या बार्सिलोना, मार्सेल, जिनोआ, रोमसाठीचे बंदर चिव्हिताव्हेक्किया, नेपल्स, पालेर्मो, पाल्मा आणि माल्टातील व्हॅलेटा अशा बंदरांमधून फिरतात. पूर्वेकडच्या फेऱ्या अथेन्सच्या पिरेयस बंदरातून निघून मिकोनोस, सँटोरिनी, रोड्स, क्रीट या ग्रीक बेटांना आणि बहुधा तुर्कस्तानातील कुशादासी किंवा इस्तंबूललाही जातात. तिसरा भाग एड्रियाटिक समुद्राचा. त्यात इटलीचा पूर्व किनारा, क्रोएशियातील स्प्लिट आणि दुब्रोव्हनिक, मॉन्टेनेग्रोतील कोटोर आणि ग्रीसमधील कोर्फू येतात.

व्हिसाच्या दृष्टीने पहिला भाग सर्वांत सोपा आहे, कारण त्यातल्या बहुतेक फेऱ्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत शेंगेन क्षेत्रातच राहतात. पहिल्यांदाच क्रूझला निघालेल्या कुटुंबाला, विशेषतः सोबत वृद्ध आई-वडील असतील तर, मी हाच मार्ग सुचवेन. पूर्वेकडचा मार्ग माझ्या मते अधिक देखणा आहे, पण तो कागदपत्रांची जास्त तयारी मागतो.

एड्रियाटिकच्या बाबतीत एक खुलासा आवश्यक आहे. जाहिरातीत निघण्याचे ठिकाण ‘व्हेनिस’ असे लिहिलेले असले, तरी १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिस शहरासमोरच्या ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी आहे. त्यामुळे प्रत्यक्षात जहाज मार्गेरा, त्रिएस्ते किंवा रव्हेन्ना येथून सुटू शकते. रव्हेन्ना व्हेनिसपासून रस्त्याने दोन तासांहून जास्त अंतरावर आहे, तेव्हा व्हेनिसमध्ये हॉटेल आरक्षित करण्यापूर्वी बंदराचे खरे नाव पाहून घ्यावे.

ऋतूचा विचार थोडक्यात करता येतो. एप्रिलचा उत्तरार्ध, मे, सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे उत्तम महिने आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते, गर्दी टोकाला पोचते, भाडेही चढलेले असते आणि एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचा उत्तरेकडचा जोरदार वारा सुटतो, ज्यामुळे छोट्या बेटांवरचा थांबा ऐनवेळी रद्द होऊ शकतो.

सीमा मोजणे

मार्ग ठरला की एक कोरा कागद घ्यावा आणि जहाजाची सर्व बंदरे क्रमाने एकाखाली एक लिहावीत. प्रत्येक बंदरापुढे देशाचे नाव लिहावे आणि त्यापुढे ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असा शेरा मारावा. आत म्हणजे शेंगेन क्षेत्रात आणि बाहेर म्हणजे त्याच्या बाहेर. घरून निघताना आणि परतताना विमान जिथे बदलणार ती शहरेही याच यादीत घालावीत. दहा मिनिटांचे हे काम पुढची बहुतेक डोकेदुखी वाचवते.

भूमध्य किनाऱ्यावरील स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि ग्रीस हे देश शेंगेनमध्ये आहेत. मोनाको सभासद नसले तरी त्याच्या आणि फ्रान्सच्या दरम्यान सीमातपासणी नाही, त्यामुळे ते व्यवहारात आतच धरले जाते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेनमध्ये आला. त्याआधी लिहिलेल्या माहितीत दुब्रोव्हनिकला ‘बाहेर’ धरलेले असते, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून हिशेब करू नये. तुर्कस्तान, मॉन्टेनेग्रो, अल्बेनिया, इजिप्त, ट्युनिशिया, मोरोक्को आणि इस्रायल हे सगळे बाहेर. सायप्रस युरोपीय संघाचा सभासद आहे आणि तिथे युरोही चालतो, पण आजवर तो शेंगेनचा भाग नव्हता. या एका गोष्टीवर भलेभले ट्रॅव्हल एजंटही घसरतात.

आता कागदावरचे शेरे वरून खाली वाचावेत. शेंगेन क्षेत्रात आपण किती वेळा शिरतो, तेवढ्या प्रवेशांचा व्हिसा लागतो. समजा, विमानाने अथेन्सला उतरलो, पिरेयसहून जहाज धरले, मिकोनोस झाले, मग कुशादासी आणि इस्तंबूल, नंतर सँटोरिनी आणि पुन्हा पिरेयस. अथेन्सच्या विमानतळावर पहिला प्रवेश झाला. कुशादासीला जाताना जहाज बाहेर गेले आणि सँटोरिनीला दुसरा प्रवेश झाला. म्हणजे या फेरीला किमान दोन प्रवेशांचा व्हिसा हवा. हातात एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर तो अथेन्सच्या विमानतळावरच खर्ची पडला.

याउलट बार्सिलोना, मार्सेल, जिनोआ, पालेर्मो, व्हॅलेटा आणि पुन्हा बार्सिलोना अशी फेरी असेल, तर जहाज देशामागून देश बदलत असले तरी ते ‘आत’च राहते. शेंगेनच्या सीमाविषयक नियमांनुसार, ज्या क्रूझच्या मार्गात केवळ सभासद देशांचीच बंदरे आहेत तिच्यावर सीमातपासणी होत नाही. तिथे एका प्रवेशाचा व्हिसाही नियमाने पुरतो.

इथे एक शंका हमखास विचारली जाते: आम्ही तुर्कस्तानात उतरणारच नाही, जहाजावरच थांबू, मग दोन प्रवेश कशाला? जहाज शेंगेनबाहेर गेले की त्यावरचे प्रवासीही बाहेर गेले, मग ते गॅंगवेवरून खाली उतरलेले असोत की डेकवर वर्तमानपत्र वाचत बसलेले असोत. परत येताना त्यांचा नव्याने प्रवेश होतो. शिवाय क्रूझ कंपन्या चेक-इनच्या वेळीच संपूर्ण मार्गाचे व्हिसा तपासतात आणि एखादा कमी असेल तर चढू देत नाहीत. पिरेयसच्या टर्मिनलवर आमच्या पुढच्या रांगेतल्या एका जोडप्याचे पासपोर्ट काउंटरवरील बाईंनी तीनदा उलटून पाहिले, व्हिसाच्या स्टिकरवर एका जागी बोट ठेवले आणि मान हलवली. तिथे ‘०१’, म्हणजे एकच प्रवेश, असा आकडा होता. त्यांच्या बॅगा पट्ट्यावरून उतरवून परत त्यांच्या हाती दिल्या गेल्या. कागदपत्रांच्या उणिवेमुळे बोर्डिंग नाकारले गेले, तर भाड्याचा परतावा मिळत नाही, असे क्रूझ कंपन्यांच्या अटींत लिहिलेले असते आणि सर्वसाधारण प्रवास विमाही अशा नुकसानीची भरपाई करत नाही.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा

शेंगेन व्हिसा एकच असला, तरी तो देणारा देश आपण मनाने निवडायचा नसतो. नियम असा की, ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार किंवा जो प्रवासाचा मुख्य हेतू आहे, त्याच्या वकिलातीकडे अर्ज करावा. दिवस समसमान असतील आणि मुख्य देश ठरवता येत नसेल, तर ज्या देशाची बाह्य सीमा प्रथम ओलांडणार त्याच्याकडे अर्ज करावा. क्रूझच्या बाबतीत हा नियम लावताना खरी कसरत होते, म्हणून एक उदाहरण नीट सोडवून पाहू.

समजा, शुक्रवारी विमानाने बार्सिलोनाला पोचलो आणि रात्र हॉटेलात काढली. शनिवारी जहाजावर चढलो. रविवारी मार्सेल, सोमवारी जिनोआ, मंगळवारी चिव्हिताव्हेक्किया, बुधवारी पालेर्मो, गुरुवारी व्हॅलेटा, शुक्रवारी दिवसभर समुद्र, शनिवारी बार्सिलोना आणि त्याच दिवशी परतीचे विमान. स्पेनच्या वाट्याला शुक्रवार आणि दोन शनिवार असे तीन दिवस आले. इटलीच्या वाट्यालाही जिनोआ, चिव्हिताव्हेक्किया आणि पालेर्मो असे तीनच आले. फ्रान्स आणि माल्टा यांना एकेक दिवस मिळाला. बरोबरी झाली, म्हणून पहिला प्रवेश पाहायचा. विमान आखातातल्या एखाद्या शहरात बदलून थेट बार्सिलोनाला उतरत असेल, तर पहिला प्रवेश स्पेनचा आणि अर्जही स्पेनकडे. पण तेच विमान पॅरिसला बदलणारे असेल, तर पासपोर्टची तपासणी पॅरिसलाच होते. तिथून पुढचे उड्डाण शेंगेनमधल्या शेंगेनमध्ये धरले जाते आणि पहिला प्रवेश फ्रान्सचा ठरतो. विमानाच्या तिकिटातल्या एका बदलाने व्हिसाचा देश बदलतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

अशी बरोबरी नशिबावर सोडण्यापेक्षा ती आपणच मोडावी, हे उत्तम. वरच्या उदाहरणात फेरी संपल्यावर बार्सिलोनात एक रात्र वाढवली की स्पेनचे चार दिवस होतात आणि वादाला जागा उरत नाही. शिवाय परतीच्या दिवसाची धावपळही वाचते. समुद्रातला दिवस मात्र ओढूनताणून कोणत्याही देशाच्या खात्यावर टाकू नये. अर्जासोबतच्या पत्रात तो ‘समुद्रात’ असाच दाखवावा.

अर्जाची तयारी

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयासाठी साधारण पंधरा दिवसांची मुदत असते, पण काही प्रकरणांत ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते. उन्हाळ्याच्या तोंडावर खरी अडचण निर्णयाची नसते, अपॉइंटमेंट मिळण्याची असते. त्यामुळे मेमध्ये जाणाऱ्याने जानेवारीतच अर्ज केंद्राच्या तारखा पाहायला सुरुवात करावी. ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे लागते. व्हिसा नाकारला गेला तरी ही रक्कम परत मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. मात्र क्रूझ कंपन्या आणि शेंगेनबाहेरचे काही देश सहा महिन्यांची मुदत मागतात, म्हणून तीन महिन्यांवर समाधान मानू नये. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि त्यात वैद्यकीय उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च यांचा समावेश हवा. तुर्कस्तान किंवा अल्बेनिया मार्गात असेल, तर केवळ ‘शेंगेन’ असे लिहिलेली पॉलिसी त्या दिवसांना लागू होत नाही. पॉलिसीत त्या देशांचाही उल्लेख असावा आणि क्रूझवरील वैद्यकीय सुटका, म्हणजे गरज पडल्यास हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर नेणे, त्यात येते का हेही विचारून घ्यावे.

क्रूझच्या अर्जाला लागणारे कागद हॉटेलवाल्या सहलीपेक्षा थोडे वेगळे असतात. हॉटेलांच्या आरक्षणाऐवजी क्रूझ कंपनीचे आरक्षणपत्र जोडावे लागते आणि त्यावर प्रत्येक प्रवाशाचे पासपोर्टप्रमाणे नाव, जहाजाचे नाव, केबिन क्रमांक आणि बंदरांचे तारीखवार वेळापत्रक असणे आवश्यक आहे. फक्त पैसे भरल्याची पावती चालत नाही. क्रूझच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींसाठी हॉटेलचे आरक्षण वेगळे जोडावे. बँकेचे विवरण, आयकर विवरणपत्र, नोकरीचे रजापत्र किंवा व्यवसायाची कागदपत्रे नेहमीप्रमाणेच. मूल एकाच पालकासोबत किंवा आजी-आजोबांसोबत जात असेल, तर दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो. नोकरीनिमित्त दुसऱ्या देशात राहणाऱ्यांनी अर्ज त्या राहत्या देशातूनच करायचा असतो.

या सगळ्यात कव्हरिंग लेटरला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. जहाजाचा मार्ग अधिकाऱ्याने वेळापत्रकातून शोधून काढावा, अशी अपेक्षा ठेवू नये. पत्रात दिवसवार तक्ता द्यावा, प्रत्येक दिवसापुढे बंदर आणि देश लिहावा आणि मार्ग शेंगेनबाहेर जाणारा असेल, तर जहाज कोणत्या तारखेला बाहेर जाते, कोणत्या तारखेला परत येते आणि म्हणून बहुप्रवेश व्हिसाची विनंती आहे, हे दोन सरळ वाक्यांत सांगावे. अर्जाच्या फॉर्ममध्येही प्रवेशांच्या रकान्यात ‘मल्टिपल’ हाच पर्याय निवडावा. पूर्णपणे शेंगेनमधल्या मार्गासाठीही तो मागायला हरकत नाही. हवामानामुळे किंवा बंदरातल्या संपामुळे जहाजाचा मार्ग बदलू शकतो आणि बदललेले बंदर बाहेरचे असू शकते.

पासपोर्ट परत आला की लिफाफा फोडल्या फोडल्या स्टिकर वाचावा. त्यावर चार गोष्टी पाहायच्या: कधीपासून, कधीपर्यंत, किती प्रवेश आणि किती दिवस. प्रवेशांच्या जागी ‘०१’, ‘०२’ किंवा ‘मल्ट’ असे लिहिलेले असते. दिवसांची मोजणी करताना प्रवेशाचा आणि निर्गमनाचा, असे दोन्ही दिवस धरले जातात. म्हणून अर्जात राहण्याचे दिवस लिहिताना रात्री मोजण्याची चूक करू नये. नाव, जन्मतारीख किंवा प्रवेशांच्या संख्येत चूक दिसली, तर त्याच दिवशी अर्ज केंद्राला कळवावे. विमानतळावर ती कोणीही दुरुस्त करून देत नाही.

शेंगेनबाहेरची बंदरे

तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीय पासपोर्टधारकांना मिळतो, पण त्यासाठी शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा वैध व्हिसा अथवा निवास परवाना लागतो. हा ई-व्हिसा एका प्रवेशाचा आणि तीस दिवसांचा असतो. तुर्की सरकारच्या अधिकृत संकेतस्थळासारखी दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट शुल्क घेणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत, तेव्हा पत्ता नीट पाहून मगच कार्डाचे तपशील भरावेत. समुद्रमार्गे येऊन बंदराचे शहर आणि आसपासचा भाग पाहणाऱ्या पर्यटकांना ७२ तासांपर्यंत व्हिसातून सूट देण्याची तरतूदही तुर्कस्तानच्या कायद्यात आहे. मात्र ही सूट स्थानिक अधिकाऱ्यांच्या परवानगीवर अवलंबून असते. क्रूझ कंपनी ती मान्य करते का, हे ईमेलने लेखी विचारावे. उत्तर मोघम आले, तर सरळ ई-व्हिसा काढावा. फेरीच जर इस्तंबूलहून सुरू होत असेल, तर तिथे विमानाने उतरावे लागते आणि ही सूट लागू होत नाही. तेव्हा नियमित व्हिसाच हवा.

मॉन्टेनेग्रोचा मामला सुटसुटीत आहे. वैध शेंगेन व्हिसा असलेल्यांना तिथे तीस दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. कोटोरच्या थांब्यासाठी म्हणून काही नवे काढावे लागत नाही, पण कोटोरहून क्रोएशियात किंवा इटलीत परत शिरताना शेंगेनचा दुसरा प्रवेश लागतो, हे विसरू नये. अल्बेनियातील सारांडा किंवा दुर्रेस या बंदरांसाठी बहुप्रवेश शेंगेन व्हिसा चालतो, पण तो त्याआधी एकदा शेंगेनमध्ये वापरलेला असावा लागतो. क्रूझ इटलीहून निघाली असेल तर ही अट आपोआप पूर्ण होते. सायप्रसही दोन किंवा अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा मान्य करत आला आहे. म्हणजे एका बहुप्रवेश शेंगेन स्टिकरवर या समुद्राचा मोठा भाग फिरता येतो. तो मागण्याचा आग्रह मी धरतो, त्यामागचे कारण हे आहे.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची बंदरे मात्र स्वतंत्रपणे पाहावी लागतात. मोरोक्कोचा ई-व्हिसा भारतीयांना ऑनलाइन मिळतो. इजिप्त आणि ट्युनिशियाच्या थांब्यांसाठी काही क्रूझ कंपन्या स्थानिक एजंटामार्फत गट-परवानगी घेतात आणि ती अनेकदा कंपनीच्या सहलीत सामील होणाऱ्यांनाच लागू असते. जहाज इंग्लंडमधील साउदॅम्प्टनहून सुटणारे असेल, तर ब्रिटनचा व्हिसा शेंगेनहून पूर्णपणे वेगळा काढावा लागतो. हे सारे नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याच्या आधी एकदा आणि निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा, त्या त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर ते तपासावेत. ‘इटियास’ या नव्या प्रवास परवान्याबद्दल बरेच बोलले जाते, पण तो शेंगेन व्हिसाची माफी असलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. ज्याच्याकडे व्हिसा आहे त्याने त्याची चिंता करू नये.

आता केबिन

व्हिसाचा आराखडा हाती आल्यावर आरक्षण करावे आणि शक्यतो परतावा मिळणारे भाडे निवडावे. व्हिसाचा निर्णय उरलेली रक्कम भरण्याच्या तारखेआधी येईल, अशा बेताने दोन्ही तारखा जुळवाव्यात. ही तारीख कंपनीगणिक बदलते, पण सहसा प्रवासाच्या दोन ते चार महिने आधी असते.

पश्चिम भूमध्य समुद्रात काही कंपन्यांची जहाजे गोल फिरतात आणि बार्सिलोना, मार्सेल, जिनोआ, चिव्हिताव्हेक्किया अशा अनेक बंदरांतून प्रवासी चढवतात. तेच जहाज आणि तीच फेरी, पण चढण्याच्या बंदराप्रमाणे भाडे वेगळे आणि व्हिसाचा देशही वेगळा. ज्या देशाच्या अपॉइंटमेंट लवकर मिळत आहेत, तिथून चढण्याचा विचार जरूर करावा. मात्र त्या देशात दिवसही खरोखर जास्त निघाले पाहिजेत. केबिनबद्दल एवढेच म्हणेन की, रोज सकाळी बंदर आणि संध्याकाळी थकून परत, अशा फेरीत आतल्या बिनखिडकीच्या खोलीनेही फारसे बिघडत नाही. समुद्र लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर खोली मागावी. भाड्यात रोजची सेवाशुल्काची रक्कम धरली आहे का, हे मात्र पाहावे. ती माणशी आणि दररोज लागते, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला शेवटच्या रात्रीचे बिल धक्का देऊन जाते.

विमानाने बंदराच्या शहरात एक दिवस आधीच पोचावे. जहाज कोणासाठी थांबत नाही. विमान उशिरा आल्यामुळे ते सुटले, तर पुढच्या बंदरात गाठण्याचा खर्च आणि त्यासाठी लागणारा व्हिसा, दोन्ही आपल्याच माथी येतात.

बंदरातले दिवस

नकाशावर बंदर आणि शहर एकच वाटते, प्रत्यक्षात तसे नसते. चिव्हिताव्हेक्कियाहून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे आणि रेल्वेने साधारण तासभर लागतो. इटलीतल्याच लिव्होर्नो बंदराहून फ्लॉरेन्स सुमारे नव्वद किलोमीटर. कुशादासीहून एफेसस या प्राचीन नगराचे अवशेष मात्र वीस किलोमीटरच्या आत-बाहेर, तर पिरेयसहून अथेन्सच्या ॲक्रोपोलिसला मेट्रोने सहज जाता येते. व्हॅलेटा आणि कोटोर येथे जहाज जवळजवळ शहराच्या दारातच लागते. या दोन ठिकाणी सहल विकत घेणे मला अनाठायी वाटते.

जिथे अंतर लांब आहे आणि रेल्वे-रस्त्याचा भरवसा नाही, तिथे क्रूझ कंपनीची सहल महाग असली तरी तिचा एक मोठा फायदा आहे: ती बस उशिरा आली तर जहाज थांबते. स्वतः जाणाऱ्यासाठी ते थांबत नाही. परत चढण्याची वेळ जहाज सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते. आपण त्याच्याही दीड-दोन तास आधी बंदरात पोचू, असा परतीचा हिशेब ठेवावा. मोबाइलचे घड्याळ दोन देशांच्या सीमेवर आपोआप बदलते, म्हणून मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवणे चांगले.

सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल समुद्रात उभे राहते आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटी प्रवाशांना जुन्या बंदरात सोडतात. तिथून वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार, खेचरे किंवा जवळपास सहाशे पायऱ्या. तीन मोठी जहाजे एकाच वेळी आली की केबल कारची रांग फार लांबते. ही रांग परतीच्या वेळी सर्वांत मोठी असते. आम्ही शेवटी पायऱ्यांनी उतरलो, दगड खेचरांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले होते आणि गुडघे दोन दिवस बोलत राहिले. गुडघेदुखी असणाऱ्यांनी फिरा गावात रेंगाळू नये, दुपारच्या आधीच खाली यावे. ग्रीसने १ जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर उतरण्याचा कर लावला आहे. जून ते सप्टेंबर या काळात सँटोरिनी आणि मिकोनोस येथे तो माणशी २० युरो असून तो क्रूझ कंपनीमार्फत वसूल केला जातो.

प्रेक्षणीय स्थळांची तिकिटे बंदरात उतरून मिळतील, असे गृहीत धरू नये. रोमचे कलोसियम, बार्सिलोनाचे सग्रादा फामिलिया आणि अथेन्सचे ॲक्रोपोलिस येथे ठरावीक वेळेची तिकिटे असतात. पॉम्पेईत १५ नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजार पर्यटकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असते, त्यामुळे पासपोर्टची प्रत सोबत हवी. जहाज बंदरात लागल्यावर सर्वांना उतरायला तासभर जातो, म्हणून सकाळची पहिली वेळ घेऊ नये.

जहाजावर

काही कंपन्या चेक-इनच्या वेळी पासपोर्ट काढून घेतात आणि शेवटी परत देतात. हे नेहमीचे आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बंदरांच्या अधिकाऱ्यांना ते एकत्र दाखवावे लागतात. मात्र पासपोर्टचे पहिले व शेवटचे पान आणि व्हिसाचे पान यांच्या छापील प्रती आपल्याजवळ असाव्यात. किनाऱ्यावर जाताना प्रत आणि जहाजाचे कार्ड जवळ ठेवावे.

केबिनमध्ये सामान टाकल्यावर पहिले काम म्हणजे सुरक्षा कवायत. कोस्ता कॉन्कोर्डिया हे जहाज १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतील जिल्यो बेटाजवळ आपटले, तेव्हा नुकत्याच चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत व्हायची होती. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले. आपले एकत्र जमण्याचे ठिकाण प्रत्यक्ष चालत जाऊन पाहावे. मोबाइल मात्र जहाज सुटताच फ्लाइट मोडवर टाकावा. भर समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते धरलेले नसते.

शेवटच्या रात्री बॅगा टॅग लावून केबिनच्या बाहेर ठेवायच्या असतात. औषधे, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे त्यात जाऊ देऊ नयेत. परतीचे विमान दुपारी एकच्या आधीचे घेऊ नये. विमानतळावर शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद झाली का, हे पाहावे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा टिपणारी प्रवेश-निर्गमन नोंदप्रणाली टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली आहे, त्यामुळे रांगेला वेळ लागतो आणि पासपोर्टवर शिक्का असेलच असे नाही. बोर्डिंग पास आणि क्रूझचे अंतिम बिल जपून ठेवावे. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी अशी सवलत आहे की, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाने वापरलेले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि बहुप्रवेशी मिळू शकतो. पुढच्या खेपेला कुशादासीचा बेत आखताना हे कागद अर्जाला जोडता येतील.